रविवारी साहेब कुठला? एका सोलापुरी घराचा हवामान मोर्चा

मोर्चाची तारीख ठरवताना आम्ही शाळांच्या परीक्षा पाहिल्या, कारखान्यांची सुट्टी पाहिली, ऊन पाहिलं. पूर्व भागात नळाला पाणी कुठल्या दिवशी येतं, ते पाहायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ज्या घरी पाण्याचा दिवस असतो त्या घरातलं एक माणूस त्या दिवशी नळाला बांधलेलं असतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाईच असते. आमच्या या चुकीपायी, ज्या बाईला मोर्चात यायची सगळ्यांत जास्त ओढ होती, ती मोर्चा निघाला तेव्हा घरी घागरी भरत होती.

हे टिपण त्या घराविषयी आहे. मी समाजकार्य शिकवतो. फेब्रुवारीअखेरचा हा मोर्चा आमच्या विद्यार्थ्यांनी आणि काही पालकांनी मिळून काढला. तयारीत मीही होतो, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. घराच्या परवानगीने लिहितो आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

घर

पत्र्याच्या दोन खोल्या, भाड्याच्या. आजी पासष्टीच्या पुढची, चाळीसेक वर्षं बिड्या वळते. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं, हाताला डोळ्यांची गरज नाही. मुलगा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर टॉवेल विणतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. सून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाईला. नात नववीत, नातू आठ वर्षांचा. शेजारी तेलुगू बोलणारी कुटुंबं. तिथल्या अव्वा (तेलुगूत आजी) आणि ही आजी एकाच कारखान्यात बिड्या द्यायला जातात आणि ‘छाट’, म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्या, जास्त काढली म्हणून एकाच सुरात शिव्या देतात.

सुनेचं माहेर मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. मे २०२४ मध्ये उजनी धरणाचं पाणी उण्यात, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, खोल गेलं होतं, तेव्हा तिच्या भावाने बोअर आणखी खाली नेण्यासाठी कर्ज काढलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला असा पूर आला की लांबोटीला पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. भावाचं सोयाबीन गेलं, दावणीच्या दोन म्हशी गेल्या. कर्ज तेवढं राहिलं. तिला हवामान बदल म्हणजे काय हे आमच्या विद्यार्थ्यांनी समजावून सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी पाऊण तास समजावलं. ती ऐकून घेत होती आणि मधेच उठून कुकर उतरवत होती.

नातीच्या बापाचा हवामानाशी संबंध वेगळा, आणि मला तो आधी नीट कळला नव्हता. मागाच्या शेडमध्ये हवा कोरडी पडली की सूत तुटतं. म्हणून ओलावा धरून ठेवायचा, खिडक्या लावून घ्यायच्या, पंख्याचा वारा तर नकोच. वर पत्रा. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. ओलसर हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो. बाहेर ४१ अंश असताना रस्त्यावरच्या माणसाला जे होतं त्यापेक्षा मागावरच्या माणसाला ३८ अंशांत जास्त होऊ शकतं. आणि त्याला ते आजारपण वाटत नाही, ‘उन्हाळा’ वाटतो. दोन वर्षांपूर्वी तो मागाजवळच कोसळला होता. दवाखान्यात सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी पाळीवर. बटवड्यात तो एक दिवस कापला गेला. घरात हा प्रसंग कुणी सांगतही नव्हतं. नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी प्रश्न विचारले तेव्हा तो बाहेर आला.

निवेदन कुणाला?

आमची पहिली पत्रकं वाचून आज हसू येतं. ‘पृथ्वी वाचवा’, ‘उद्यासाठी आज’, वर एक रडणारा गोल. नातीने ती घरी नेली. तिने आजीला ग्रेटा थुनबर्गची गोष्ट सांगितली: ऑगस्ट २०१८, स्वीडनची संसद, पंधरा वर्षांची मुलगी शाळा सोडून एकटी पाटी घेऊन बसली, आणि वर्षभरात जगभर लाखो पोरं रस्त्यावर आली. आजीने एक बिडी वळून पूर्ण केली आणि म्हणाली, “एकटी बसली म्हंजे धरणं झालं ते. मोर्चा न्हवं.”

मग पत्रक हातात घेऊन मला विचारलं, “सर, पृथ्वी वाचवा म्हणून निवेदन कुठल्या साहेबाला देणार?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजीकडे होतं, कारण ती आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त मोर्चे चाललेली बाई आहे. बिडी कामगारांच्या मजुरीसाठी चालली, भविष्य निर्वाह निधीसाठी चालली, आणि कुंभारीच्या रायनगरच्या घरांसाठी तर किती वेळा, तिलाच मोजता येत नाही. त्या वसाहतीतली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. आजीचा नंबर पुढच्या टप्प्यात आहे, आणि तिचे कागद खाटेखालच्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. तिच्या हिशेबात मोर्चाला तीन गोष्टी लागतात. मागणी एका वाक्यात सांगता आली पाहिजे. ती ज्याच्या हातात आहे तो साहेब ठाऊक पाहिजे. आणि निवेदनाची पोच मिळाली पाहिजे, शिक्का मारलेली. पोच नसेल तर नुसतं फिरून आलो, असं ती म्हणते.

मग तीन संध्याकाळी आम्ही त्या घरात बसून मागण्या लिहिल्या. शेजारच्या अव्वाही आल्या. पहिली मागणी बापाची, पण सांगितली नातीने: मागाच्या शेडच्या आणि अंगणवाड्यांच्या पत्र्यांना उन्हाळ्याआधी पांढरा चुना. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो, यात काही नवीन शोध नाही. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने हजारावर जादा मृत्यू पाहिले आणि २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा केला. पुढे पांढरी छपरं हा त्यातला एक भाग झाला. दुसरी मागणी आराखड्याचीच, पण त्यात एक सोलापुरी कलम. हवामान खात्याच्या निकषाने मैदानी भागात पारा ४० च्या पुढे आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, किंवा सरळ ४५ ला टेकला, तर उष्णतेची लाट. आमची मे महिन्यातली सरासरीच चाळिशीच्या आसपास. म्हणजे ४३ अंशांचा दिवस सोलापुरात ‘लाट’ ठरत नाही, नुसता मंगळवार असतो. इशारा कधी द्यायचा याचा आकडा इथल्या घामावरून ठरवा, असं आम्ही लिहिलं. तिसरी मागणी आजी आणि अव्वा दोघींची मिळून: एप्रिल-मेमध्ये पाण्याचा दिवस बदलू नका. वेळ बदलली तरी चालेल, दिवस नको.

मला ही तिसरी मागणी आधी विषयाबाहेरची वाटली होती. माझं चुकलं. उन्हात पाणी साठवायला दिवस ठरलेला असणं हा उष्माघात टाळण्याचा भाग आहे, हे मला दोन बिडी कामगार बायांकडून शिकावं लागलं.

निवेदनात मी एकच वकिली परिच्छेद घातला. २१ मार्च २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला. तो खटला माळढोक पक्ष्याचा होता, राजस्थान-गुजरातेतल्या विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या. माळढोक म्हटलं की आपल्याकडे नान्नजचं अभयारण्य आणि उत्तर सोलापूरच्या शेतकऱ्यांच्या अडकलेल्या जमिनी आठवतात. या पक्ष्याने इकडे शिव्याच जास्त खाल्ल्या. आजीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “त्या पाखरामुळं आपला हक्क निघाला म्हण की.”

कोळसा

इथपर्यंत घर एका बाजूला होतं. मग फाटलं.

आमच्या पत्रकात ‘कोळसा बंद करा’ ही एक घोषणा होती. बापाचा आतेभाऊ फताटेवाडीच्या औष्णिक वीज प्रकल्पात कंत्राटी कामाला आहे. प्रकल्प १३२० मेगावॅटचा, ६६० चे दोन संच. आजूबाजूच्या गावांतली बरीच घरं त्याच्यावर चालतात. आतेभावाने फोनवर विचारलं, “माझ्या पोटावर पाय द्यायला येणार का तुम्ही बायका-पोरं घेऊन?” बाप त्या रात्री पाळीवर गेला नाही, इतका बिथरला. त्याचं दुसरं म्हणणं जास्त अवघड होतं. माग विजेवर चालतो, आणि देशातली सुमारे पाऊणभर वीज कोळशाची. “अमेरिकेतला माणूस आपल्या सातपट धूर सोडतो, आणि मोर्चा कन्ना चौकातून?” नातीने आकडे वहीत काढून दाखवले: भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत १४. म्हणजे बापाचं बरोबरच होतं. पण तिने पुढे असंही म्हटलं की कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे जवळजवळ किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि तो हवेत राहतो, त्याला पासपोर्ट लागत नाही. बाप गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, पोरगी बोलते आहे हे पाहून.

तोडगा सुनेने काढला. घोषणा मोर्चात राहू द्या, आमच्या घराच्या हातात ती पाटी नको. आमची पाटी चुन्याची. विद्यार्थ्यांपैकी दोघांना हे पळपुटेपण वाटलं. मला अजूनही या तोडग्याविषयी पूर्ण समाधान नाही. उन्हाविरुद्ध मोर्चा काढायचा आणि ऊन वाढवणाऱ्या गोष्टीचं नाव शेजाऱ्याच्या पाटीवर ढकलायचं, यात काहीतरी अर्धं राहतं. पण हेही पाहिलं की त्या तोडग्याशिवाय पाच माणसांपैकी दोनच आली असती. आणि कंत्राटी कामगाराला ‘बंद करा’ ऐकवणाऱ्या मोर्चाने त्याच्या पुढच्या कामाविषयी एक ओळ तरी लिहायला हवी होती. आमच्या निवेदनात ती नव्हती.

परवानगी

याविषयी थोडक्यात. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे, पण शहरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा जमावबंदी आदेश वेळोवेळी निघत असतो, तेव्हा अर्ज लागतोच. मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार माणसांचे फोन, स्वयंसेवकांची यादी. आम्ही अर्ज दहा दिवस आधी दिला. पोरांना डॉल्बी हवी होती. सोलापुरात मिरवणूक म्हटली की तीच सुचते. तिच्याऐवजी दोन हलग्या ठरल्या, आणि दवाखान्याजवळून जाताना त्याही बंद. परवानगी मिळाली. इतकंच.

याच बैठकीत आजीने तारीख ऐकली. “रविवारी साहेब कुठला?”

आम्ही रविवार निवडला होता तो कुटुंबांसाठी: शाळा नाही, बापाच्या कारखान्याला सुट्टी. पण सरकारी कचेरीच्या पूनम गेटला पोहोचून निवेदन द्यायचं तर बारनिशीला, म्हणजे टपाल घेणाऱ्या आवक-जावक विभागाला, कुलूप. सोमवारी मोर्चा काढला तर अर्ध्या लोकांचा रोज बुडणार. शेवटी असं ठरलं की मोर्चा रविवारी, निवेदन सोमवारी. आणि सोमवारी आजी जाणार, कारण बिड्या घरी वळायच्या असतात; फार तर तीन-चारशे कमी पडतील. तिच्या हजेरीची किंमत बिड्यांत मोजता येते म्हणून तिला पाठवायचं, हे मला बरं वाटलं नाही. तिला मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट, तिच्याशिवाय पोच आणणार कोण, हा तिचा प्रश्न होता.

रविवार

साडेसातला कन्ना चौक. दोन-अडीचशे माणसं. शेजारच्या अव्वांनी तेलुगू घोषणा आणली होती, मागाच्या ठेक्यावर बसणारी. पाण्याच्या बाटल्या विकत आणायच्या नाहीत असं ठरलं होतं, म्हणून स्टीलचे दोन पिंप हातगाडीवर. एका पिंपात साखर-मिठाचं पाणी, लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ते मुलांनी आधी संपवलं, गोड म्हणून.

सून नव्हती. सकाळी सहाला पाणी येणार ते सातला आलं. तिने बापाला फोन केला, “तुम्ही व्हा पुढं, मी चार पुतळ्यांपाशी गाठते.” ती तिथे आली तेव्हा केस ओले होते आणि पदर अजून खोचलेला. चार पुतळे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे; मार्शल लॉच्या सोलापुरातले, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले. तिथे मोर्चा थांबतो, ही शहराची सवयच आहे. कुणीतरी भाषण सुरू केलं. ती भाषणाकडे न पाहता नवऱ्याच्या हातातली चुन्याची पाटी घेऊन उभी राहिली. त्या घराची पाचही माणसं तिथपासून पुढची वीस मिनिटं एकत्र चालली. पंधरा दिवसांच्या खटपटीतून वीस मिनिटं. पुढच्या खेपेला प्रभागवार पाण्याचं वेळापत्रक आधी पाहायचं, हे मी तिथेच वहीत लिहिलं.

दुसरी चूक जास्त गंभीर, आणि तीही आमचीच. फोटो चांगला येतो म्हणून एका स्वयंसेवकाने नातवाला पहिल्या रांगेत आणलं, गळ्यात ‘माझं काय होणार?’ अशी पाटी अडकवली. ती पाटी त्याने लिहिली नव्हती. एका वाहिनीच्या माणसाने माईक पुढे करून विचारलं, “बाळा, पृथ्वी नष्ट होणार असं वाटतं का तुला?” पोरगं माईककडे पाहत राहिलं, मग आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. आजीने माईकवाल्याला काय सुनावलं ते छापण्यासारखं नाही.

रात्री त्याने आईला विचारलं, आपण मरणार का. दोन रात्री तो तिच्याजवळ झोपला. सुनेने मला बुधवारी फोन करून सांगितलं, आवाज न चढवता, त्यामुळे जास्त लागलं. तेव्हापासून आमचा नियम असा: बारा वर्षांखालच्या मुलाच्या हातात त्याने स्वतः लिहिलेली किंवा रंगवलेलीच पाटी, जागा घरच्यांमध्ये, आणि माईक आई-बापाला विचारल्याशिवाय नाही. हा नियम आधी सुचायला हवा होता. मोठी माणसं स्वतःची भीती लहान पोराच्या गळ्यात अडकवतात तेव्हा त्यांना ती प्रभावी वाटते.

सोमवार, आणि नंतर

सोमवारी अकराला आजी, अव्वा, नात आणि मी. नातीने शाळा बुडवली. आजीने हरकत घेतली नाही, “स्वीडनची बुडवती तर” इतकंच म्हणाली. आधी जिल्हाधिकारी कार्यालय, मग महापालिका. बारनिशीतल्या बाबूने निवेदन घेतलं, बाजूला ठेवलं, “ठीक आहे, या.” मी उठलो. आजी बसून राहिली. दुसरी प्रत पुढे सरकवून म्हणाली, “पोच.” शिक्का पुसट उमटला, तिने दुसऱ्यांदा मारायला लावला. आवक क्रमांक नीट वाचता येतो का, हे नातीकडून वाचून घेतलं.

महिन्याभराने महापालिकेकडून आलेल्या पत्रात मागणी ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ केल्याचं म्हटलं होतं. मागाच्या मालकाने पत्र्याला चुना लावला नाही, ‘बघू’ म्हणाला. बापाला त्याने मोर्चाविषयी काही विचारलं नाही, आणि बापाला ती सगळ्यात मोठी मिळकत वाटते. आतेभाऊ पाडव्याला घरी येऊन जेवून गेला. कोळशाचा विषय कुणी काढला नाही.

घराच्या पत्र्याला मात्र चुना लागला. घरमालकाची परवानगी सुनेने काढली. चुन्यात फेविकॉल कालवला, म्हणजे पहिल्या वळवात धुऊन जात नाही. पत्र्यावर बाप चढला, कडेच्या खिळ्यांच्या रांगेवर पाय देत, कारण मधला पत्रा वजनाने दबतो. खाली बादली धरायला नातू होता. त्याने वरून पडलेल्या थेंबांनी स्वतःचे दोन्ही हात पांढरे करून घेतले आणि दिवसभर धुऊ दिले नाहीत. दुपारी आत बसवतं, असं आजी सांगते, थर्मामीटर लावू या असं मी म्हटलं, तर म्हणाली, “सूप घेऊन बसा की सर, कळंल.” शेजारच्या तीन घरांनी नंतर उरलेला चुना मागून नेला.

पोचेच्या दोन्ही प्रती खाटेखालच्या पिशवीत, रायनगरच्या कागदांच्या वर. मे महिन्यात पाण्याचा दिवस एकदा बदलला. आजीने त्याच दिवशी नातीला पिशवी काढायला लावून आवक क्रमांक परत लिहून घेतला, आणि मला फोन लावून विचारलं, “सर, स्मरणपत्राला साधा कागद चालतो का?”